दक्षिणेस काकीचं शेत

पोर्तुगीज भाषेत मी आजवर एकच खोटं बोलले आहे, आणि तेही एका शब्दाचं. त्या भाषेत मला अजून धड भांडता येत नाही, डॉक्टरांना कुठे दुखतंय ते सांगताना हात वापरावे लागतात, पण खोटं मात्र मी स्वच्छ उच्चारात बोलले. वकीलबाईंनी कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "दक्षिणेच्या या शेजारणीला विक्रीआधी विचारलं होतं ना?" मी म्हटलं, "हो." त्यांनी पान उलटलं. तिकडच्या एका डोंगराळ खेड्यात आमचं घर झालं, आणि त्या दिवसापासून मी त्या घरात थोडी चोरासारखी राहते.

दक्षिणेची ती शेजारीण म्हणजे माझी सख्खी काकी.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. आजोबांनी वाटणी केली तेव्हा ओहोळाला लागून असलेलं वरचं खाचर बाबांना आलं आणि त्याखालचं थोरल्या काकांना. भाताच्या खाचराला चारी बाजूंनी बांध असतो, आणि ओहोळाचं पाणी आधी आमच्यात शिरायचं. आमचं भरलं की बांधाला ठेवलेलं तोंड फावड्याने मोकळं करायचं, म्हणजे पाणी खाली काकांच्या शेतात उतरायचं. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, पीक असतं, मालकाचं नाव असतं. पाणी कुठून कुठे जातं ते नसतं.

तोंड मोकळं करण्याआधी हाक मारायची, हा मात्र नियम. खालच्याने नुकतंच आवण लावलं असेल तर एकदम आलेल्या लोंढ्याने कोवळी रोपं उपटून निघतात. बाबा बांधावर उभे राहून ओरडायचे, "सोडतोय गो वयनी." खालून काकीचा आवाज यायचा, "सोड रे." मगच फावडं पडायचं. एकदा फणसाच्या झाडावरून दोन घरांत वाजलं आणि दोन वर्षं अबोला होता. गणपतीला एकमेकांकडे गेले नाहीत, बारशाला गेले नाहीत. पण हाक एकदाही चुकली नाही. फक्त त्यातलं 'वयनी' तेवढं गळलं होतं आणि खालून नुसतंच "हां" यायचं.

मी सातवीत असताना आई गेली. त्यानंतर माझी वेणी, माझा डबा, माझं आजारपण सगळं काकीकडे गेलं, कुणी तसं ठरवल्याशिवाय. तिने मला चिखलात उलट्या पावलांनी मागे सरत आवण लावायला शिकवलं आणि मी वाकडी ओळ लावली की म्हणायची, "मास्तरीण व्हशील गो तू, शेतकरीण नाय." झालेही तशीच. मुरबाडला कॉलेज केलं, शहापूरच्या एका शाळेत बारा वर्षं विज्ञान शिकवलं, लग्न होऊन आटगावला राहिले. मग नवऱ्याच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी पोर्तुगालला पाठवलं. त्या दोन वर्षांना आता नऊ वर्षं झाली आहेत.

बाबांच्या शेवटच्या वर्षात मी तिकडेच होते. व्हिडिओ कॉलवर मला बाबांची उशी दिसायची आणि चमच्याने पेज भरवणारा काकीचा हात दिसायचा. ती स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर यायची नाही. "मला काय बगायचंय, तुझ्या बापाला बग," म्हणायची. काका त्याच्या आधीच गेले होते. बाबा गेल्यावर वरचं खाचर माझ्या नावावर चढलं. ते तसंच पडून राहू नये म्हणून काकी आणि तिचा मुलगा, माझा चुलत भाऊ, दोन्ही खाचरं कसायचे.

आणि मी ते विकलं.

विकायलाच लागेल असं काही नव्हतं. आम्ही तिकडे भाड्याच्या फ्लॅटमध्ये बरे होतो. पण आतल्या डोंगरी भागात जुनी दगडी घरं रिकामी पडलेली असतात, पोरं शहरात गेलेली असतात, आणि तिथे परक्या देशाचा माणूसही घर घेऊ शकतो, सोबतचं शेतसुद्धा. एका रविवारी आम्ही फिरायला गेलो आणि ते घर पाहिलं. पुढे दगडी ओटा, मागे उतारावर थोडी जमीन, सहा ऑलिव्हची झाडं, एक दगडी टाकी. ओट्यावर बसल्यावर समोर डोंगर. मला ते पाहताक्षणी हवंसं झालं. लहान मुलीला दुकानातली बाहुली हवी असते तसं, दुसऱ्या कशाचा विचार न करता.

नवरा म्हणाला, गावचं शेत काढायचं का बघ, तू तर काही कसायला जाणार नाहीस. त्याला दोष देत नाही. तो कल्याणचा, त्याच्या घराण्यात कुणाकडे कुंडीभर मातीही नव्हती. मला मात्र कळत होतं.

मुरबाडचा एजंट चटपटीत होता. फोनवरच त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, "मॅडम, सगळं काढू नका, चार गुंठे तरी ठेवा. नायतर तुमचा शेतकरी दाखला जाईल. उद्या इथे शेतजमीन घ्यायची म्हटलं तर घेता येणार नाय." मी हसले. मला इथे शेत कशाला घ्यायचंय, म्हटलं. दुसरी गोष्ट त्याने जरा आवाज उतरवून सांगितली. "आणि सौदा होईपर्यंत गावात बोलू नका. चुलतीकडे तर नायच नाय. तीच कसते ना? हरकत घेतात, तारखा पडतात."

पुढे कित्येक दिवस मी या वाक्याच्या आडोशाला बसले. एजंटने सांगितलं म्हणून. पण खरं सांगायचं तर काकी हरकत घेईल असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. मला भीती होती तिच्यासमोर बसून विचारण्याची.

आमच्याकडे जमीन काढायची तर बांधाला बांध असलेल्याच्या ओटीवर जाऊन बसतात. चहा होतो, पाऊसपाणी होतं, कुणाच्या पोरीचं जमलं ते होतं, आणि मग विचारतात, आम्ही काढतोय, तुमी ठेवता का. समोरच्याकडे दमडी नसली तरी विचारतात. तो नाही म्हणतो. पण नाही म्हणताना दोन शब्द सांगतो: गाडीवाट इथून हाय, पाणी इथून उतरतं, नव्या मालकाच्या कानावर घाला. विचारण्याचा खरा उपयोग हाच आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर आणि उशिरा कळलं. मी मात्र स्वतःला समजावलं की काकी घेऊ शकणार नाही हे तिलाही माहीत, मलाही माहीत, मग विचारून तिला कशाला ओशाळवायचं. समजावण्यात मी पटाईत आहे. बारा वर्षं पोरांना समजावलंय.

गिऱ्हाईक चांगलं मिळालं. ठाण्याचं एक डॉक्टर जोडपं, शांत, सभ्य, त्यांची मूळ शेती साताऱ्याकडे असल्यामुळे दाखला होता. त्यांना सुट्टीला यायला छोटं फार्महाऊस हवं होतं. मी नऊ दिवसांसाठी आले आणि सासूबाईंकडे आटगावला उतरले. मुरबाडच्या रजिस्ट्रार कचेरीत नंबर लागला, अंगठा दिला, फोटो निघाला, "मॅडम, इकडे बघा" एवढंच कुणीतरी म्हणालं. खरेदीखतात काय लिहिलंय ते तिथे कुणी वाचलं नाही. मीही नाही. दुपारी बाराच्या आत मी बाबांच्या शेतातून मोकळी झाले.

त्याच दुपारी मी गावी गेले. का गेले, ते अजून नीट सांगता येत नाही. सांगायला गेले होते असं मी म्हणू शकते, पण मग सांगितलं का नाही. काकी ओटीवर तांदूळ पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला, हाताला कोंडा लागलेला तसाच. "किती वाळलीस गो. तिकडं जेवतेस का नाय?" मी म्हटलं, सासूबाईंना भेटायला आले होते. ती म्हणाली, मला ठाऊक होतं तू येशील. भाकरी, वालाचं बिरडं, वर लोणचं. मी जेवले. चांगली दोनदा वाढून घेऊन जेवले.

निघताना तिने कापडी पिशवीत तांदूळ बांधून दिला. "खालच्या खाचरातला हाय. यंदा वरच्यापेक्षा खालचं ब्येस झालं." पिशवीचं तोंड तिने सुतळीने तीनदा गुंडाळून बांधलं, विमानात सांडू नये म्हणून. मी ती घेतली. माझ्या पर्समध्ये त्या क्षणी रजिस्ट्रीची पावती होती, आणि मी दोन्ही खांद्यांवर दोन पिशव्या अडकवून एसटीची वाट बघत उभी राहिले. काकी माझ्यासोबत एसटी येईपर्यंत थांबली.

तिकडे परतल्यावर घराची कामं सुरू झाली. परदेशी माणसाने तिथे घर घ्यायचं तर आधी कर क्रमांक लागतो, मग बँकेत खातं, मग वकील, आणि मग पैसा कुठून आणला याचा कागद. आमचा पैसा शेत विकून आलेला. म्हणून मुरबाडच्या खरेदीखताचं पोर्तुगीजमध्ये भाषांतर करून घेतलं, शिक्क्यासह. बाबांचं खाचर पोर्तुगीजमध्ये कसं दिसतं ते मी कौतुकाने बघितलं, पण वाचलं नाही. वाचायला घेतलं की लिपी लागायची आणि अर्थ सुटायचा.

वकीलबाई तरुण होत्या, माझ्या माजी विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी सांगितलं की घरासोबत शेतजमीन आहे, त्यामुळे लगतच्या शेतमालकांना आधी पत्र पाठवावं लागेल. त्यांना ती जमीन घ्यायचा पहिला हक्क असतो. ते नको म्हणाले की मगच ती तुमची. मला वाटलं होतं, परक्या लोकांना लुबाडायची ही काहीतरी सोय असणार. मग एक दिवस घर बघायला गेलो असताना शेजारचा म्हातारा काठी टेकत आला. ऐंशीच्या घरातला, डोक्यावर सपाट टोपी. त्याने आम्हाला सोबत घेतलं आणि आख्खी हद्द चालून दाखवली. हा दगड, ती भिंत, इथलं अंजीर तुमचं पण सावली माझी. नवऱ्याला मजा वाटत होती. शेवटी टाकीपाशी थांबून तो म्हणाला, "मला जमीन नको. माझं वय झालं. पण गुरुवारचं पाणी माझं."

टाकी वरच्या झऱ्यावर भरते. गुरुवारी तिचं बूच काढलं की पाणी उतारावरून त्याच्या द्राक्षांना आणि कोबीला जातं. त्याच्या बापाच्या वेळेपासून तसंच चालत आलंय. त्याने माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे नाही. "तुम्ही सोडाल ना?"

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसले, कारण मला वर बघवेना. हा कोण माणूस, मी कोण, आणि तो मला काय विचारतोय. मुरबाडहून येऊन मला महिना झाला होता. त्या महिन्यात काकीच्या पाण्याचं काय झालं असेल, हा प्रश्न मला त्या टाकीपाशी पहिल्यांदा पडला. इतकी मी निबर. "सोडू," मी नाडीकडे बघत म्हटलं. पुढच्या बैठकीत वकीलबाईंनी ते वाक्य खतात घातलं: दर गुरुवारी पाणी दक्षिणेच्या शेजाऱ्याला सोडले जाईल.

आणि त्याच बैठकीत त्यांनी आमच्या खरेदीखताचं भाषांतर पुढे ओढलं. आपल्याकडच्या खतात जमिनीच्या चार बाजू लिहिलेल्या असतात. उत्तरेस ओहोळ, पूर्वेस गाडीवाट, पश्चिमेस अमक्याची जमीन. दक्षिणेस काकीचं पूर्ण नाव होतं, काकांच्या नावासकट. वकीलबाईंनी ते अडखळत, अक्षर लावत, मोठ्याने वाचलं. बाराखडी शिकणारं मूल वाचतं तसं. आणि मग तो प्रश्न विचारला. "तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, "पण नंतर कुणी वाद काढू नये म्हणून विचारते."

मी हो म्हटलं. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं. त्याने पुढचा कागद वकीलबाईंकडे सरकवला.

नोटरीपुढे ते खत सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवलं गेलं, ओळ न् ओळ, आणि माझ्यासाठी दुभाषी बसवला होता. गुरुवारच्या पाण्याचं वाक्य दोन भाषांत दोनदा ऐकलं. त्या संध्याकाळी नव्या घरात मी काकीचा तांदूळ शिजवला. घरभर वास सुटला. नवरा म्हणाला, असा भात इथे मिळायचा नाही. मी दुसऱ्यांदा वाढून घेतला नाही, एवढाच काय तो पश्चात्ताप त्या दिवशी केला.

काकीला मी शेत विकल्याचं पुढच्या आठवड्यात फोनवर सांगितलं. तोवर तिला कळलं होतं, कारण डॉक्टरांची माणसं मोजणीला आली होती. "व्हय, आलेली," ती म्हणाली. "घर झालं का तुझं?" मी म्हटलं, झालं. "मंग ब्येस." त्यानंतर दोन वर्षं मी दर पंधरवड्याला फोन करायचे आणि विचारायचे, भात कसं आहे. ती म्हणायची, बरं हाय. मी दुसरा प्रश्न विचारला नाही. बरं म्हणजे काय बरं, हे विचारायला मला तोंड नव्हतं, आणि तिच्या 'बरं हाय'ने माझी सुटका होत होती.

यंदा फाल्गुनात सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी मी आटगावला आले. ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी शहापूरहून मुरबाड, तिथून धसई अशी एसटीने निघाले. धसईला बाजारात उतरले, काकीसाठी द्राक्षं घ्यावीत म्हणून. धान्याच्या एका दुकानापुढे ती उभी होती. तळहातावर तांदळाचे दाणे घेऊन फुंकर मारून बघत होती, मग एक दाणा दाताखाली चावून. मी तिला लहानपणापासून या बाजारात बघत आले आहे, पण नेहमी पलीकडच्या बाजूला, पोत्याच्या मागे, तांदूळ विकताना.

मला बघून ती चपापली. हातातले दाणे परत पोत्यात टाकले. "पाव्हणे येणार हायत," ती म्हणाली. "म्हणून थोडा घेत व्हते."

काही पाहुणे यायचे नव्हते.

तिचा तांदूळ बांधून झाल्यावर आम्ही दोघी निघालो. गावात शिरताना डोंगरउतारावर जिकडेतिकडे राब भाजलेले दिसत होते. या दिवसांत पालापाचोळा, शेण पसरून रोपांची जागा जाळतात. हवेला तो वास असतो. ज्याने राब भाजला त्याला पुढे भात लावायचं आहे, एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. काकीची राबाची जागा हिरवी-पिवळी तशीच होती. गवत वाळून उभं होतं.

मी घरी न थांबता शेताकडे गेले. वरचं खाचर आता खाचर उरलं नव्हतं. मुरूम टाकून भराव केला होता, त्यावर बैठं छान घर, आणि चारी बाजूंनी डोक्याएवढी चिऱ्याची भिंत. बांधाचं तोंड जिथे होतं तिथे भिंत सलग होती. ओहोळ भिंतीला वळसा घालून रस्त्याच्या गटाराला लावून दिला होता. खाली काकीच्या खाचरात भेगा होत्या आणि एका कोपऱ्यात तुरीचे वाळके खुंट. इतक्या पावसाच्या मुलखात हे. पण भात पोटरीत, कणसं बाहेर पडायच्या बेतात असताना पाऊस दडी मारतो, आणि तेव्हा वरच्या खाचरात साठलेलं पाणीच खालच्याला तारतं. ते पाणी आता गटाराने रस्त्याखाली जात होतं.

डॉक्टरीणबाई त्या दिवशी तिथेच होत्या. मला ओळखलं, आत बोलावलं, सरबत दिलं. मी विषय काढला तेव्हा त्यांचा चेहरा खरोखर पडला. "अहो, आम्हाला काय कल्पना. तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तर भिंतीच्या पायात पाइप टाकून घेतला असता. काहीच अवघड नव्हतं." मग नवऱ्याशी फोनवर बोलून त्या म्हणाल्या, "अजूनही टाकता येईल. एका दिवसाचं काम आहे जेसीबीचं. त्यांना हवं असेल तर लगेच करू. विचारा त्यांना."

विचारा त्यांना. इतकी सोपी गोष्ट दुसऱ्या कुणीतरी मला सांगावी लागली. मी त्यांना रागावूही शकत नव्हते, आणि त्यामुळे मला जास्तच राग आला, अर्थात स्वतःचा. मनात एक असंही येऊन गेलं की काकीला दुसरीकडे पाण्याचा एखादा तुकडा घेऊन द्यावा. पण तेही माझ्या हातात उरलं नव्हतं. परक्या मुलखात माझ्या नावावर ऑलिव्हची सहा झाडं आहेत, आणि स्वतःच्या तालुक्यात मी आता बिगरशेतकरी आहे.

काकीच्या ओटीवर जाऊन बसले. चहा झाला. पाऊसपाणी झालं, सासूबाईंचा डोळा झाला. मग मी विचारलं. दोन वर्षं उशिरा, पण रीतसर. "काकी, भिंतीखालून पाइप टाकून देतायत ते. पाणी पुन्हा खाली येईल. टाकू का?"

तिने कपातला उरलेला चहा संपवला. "इचारलंस, ब्येस केलंस," ती म्हणाली. "पर नको गो आता."

"का?"

"बैल इकले ना गेल्या वर्सी. पोरगा कंपनीत लागला शापूरला, बारा तासाची डूटी. तो शेत सोडून गेला तेबी पाणी नाय म्हणूनच. आता पाणी येल, पर लावायला कोन हाय? माजं कंबरडं ऱ्हायलं नाय." तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

मग माझ्याने राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. वकीलबाई, भाषांतर, चार बाजू. तिचं नाव तिथे कसं वाचलं गेलं ते. ती ऐकता ऐकता पुढे सरकली. "माजं नाव? पोर्तुगालात?" तिला गंमत वाटली. "आन त्येंचंबी?" काकांचंही, मी म्हटलं. पूर्ण नाव. तिने पदर नीट केला.

"मंग काय म्हनली ती बाय?"

"विचारलं, हिला विचारलं होतं का विकण्याआधी."

"तू काय सांगितलंस?"

"हो म्हटलं. खोटं बोलले काकी."

मला वाटलं ती आता बोलेल. बोलावं अशी माझी इच्छा होती, दोन शिव्या घालाव्यात, फणसाच्या वेळी घातल्या होत्या तशा. तिने माझा रिकामा कप उचलून आपल्या कपात ठेवला. "ब्येस केलंस," ती म्हणाली. "नायतर तुजं घर अडाकलं असतं."

मी रडले. तिने रडू दिलं, समजूत वगैरे घातली नाही. मग मी म्हाताऱ्याचं सांगितलं, टाकीचं, गुरुवारचं. हे ती शेतकऱ्याच्या कानाने ऐकत होती. उतार कुठल्या बाजूला, बूच कसलं, किती वेळ पाणी चालतं.

"सोडतेस ना वेळेवर?"

"सोडते."

"आन आदी हाक मारतेस?"

"मारते," मी म्हटलं. हे खरं होतं. दर गुरुवारी बूच काढण्याआधी मी टाकीच्या कडेला उभी राहून "सोडते" अशी मराठीतच हाक देते, कारण तिथे दुसरं काही तोंडात येत नाही. म्हातारा खालून काठी वर करतो. त्याला शब्द कळत नाही, पण पाणी येणार हे कळतं.

"मंग झालं," काकी म्हणाली. "कुनाचं तरी भिजतंय ना."

चारच्या एसटीने निघायचं होतं. काकी आत गेली आणि कापडी पिशवी घेऊन आली, तीच, सुतळीसकट. आत सकाळच्या बाजारातला तांदूळ होता. ती पिशवीचं तोंड बांधत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. आज ओशाळली होती ती, मी नाही.

"आपला नाय गो हा," ती म्हणाली. "इकतचा हाय, धसईचा. पर रिकाम्या हाताने कशी पाठवू तुला. चालंल ना?"

चालेल, मी म्हटलं, आणि पिशवी घेतली.